ज्याचे फर्मे त्याच्याकडे

मोठ्या माणसानं समोर बसून ‘आपण मिळून करू या’ म्हटलं, की ताई आधी आपली पर्स जवळ ओढून घ्यायची. पर्समध्ये असून असून असणार काय? चष्मा, किल्ल्या आणि एक मोजपट्टी. पण सवय ती सवय. लोक तिला संशयी म्हणत, आणि तिचा धाकटा भाऊ तर तोंडावर म्हणे. तिला त्याचं काही वाटत नसे. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताक फुंकून प्यायलं तर त्यात संशय कसला, असं तिचं म्हणणं. आणि तिचं तोंड खरोखरच पोळलेलं होतं.

पण आधी ती काय करायची ते सांगायला हवं, नाहीतर तिचा राग कळायचा नाही. कापड बेतणं म्हणजे काय, हे शिंप्याच्या दुकानाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. टेबलावर कापडाचा तागा उलगडायचा आणि त्यावर फर्मे मांडायचे. फर्मे म्हणजे पाठ, पुढा, बाही, कॉलर यांचे पुठ्ठ्यात कापलेले आकार. ते असे सरकवायचे, फिरवायचे, एकमेकांच्या कुशीत घालायचे, की कातर चालवल्यावर खाली चिंध्या कमीत कमी पडाव्यात. ताईचे वडील कटिंग मास्टर होते, आणि ती त्यांच्या टेबलाखाली चिंध्या वेचत मोठी झाली. पुढे शिकली, कॉम्प्युटरवर आली, आणि वडिलांच्या हातातलं हे कसब तिनं यंत्राला शिकवलं. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘बेत’. यंत्राच्या पोटातलं सगळं धाकट्यानं लिहिलं, कापडातलं सगळं ताईनं. लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे बहीणभावाचा हा संसार चालायचा. खाली दिवसभर पत्रे आदळत, आणि वर एक खिडकी होती ती कधीच धड लागत नसे.

गावातले आणि आसपासचे किती तरी छोटे शिवणकारखाने ‘बेत’ वापरायचे. कुणी मास्टर अडला की फोन करायचा, ताई आपल्या स्क्रीनवर त्याचं टेबल उघडायची आणि इथून फर्मे हलवायची. ‘मास्तर, बाही उलटी घ्या, कॉलर मुंढ्यात, बाहीच्या पोकळीत, बसवा. बघा, वीतभर वाचलं की नाही?’ पलीकडून मास्टर म्हणायचा, ‘वा ताई.’ या ‘वा ताई’वर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. सगळ्यांचे फर्मे आतल्या खोलीत, पंखा घरघरणाऱ्या एका यंत्रात ठेवलेले असत आणि त्याची राखण ती जिवापाड करी.

कारण फर्मा म्हणजे कटिंग मास्टरचा जीव. आयुष्यभर शेकडो अंगं मापून, चुकून, उसवून, शिव्या खाऊन एक खांदा जमतो. तो खांदा फर्म्यात असतो. म्हणून या धंद्यात फर्मे खुंटीला टांगतात ते तोंड भिंतीकडे करून. दुसऱ्या मास्टरच्या कारखान्यात गेलात तर खुंट्यांकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघून बोलायचं. वर प्रत्येक जण आपल्या फर्म्यावर एक बिनकामाची खाच मारून ठेवतो. शिवताना तिचा काडीचा उपयोग नसतो. पण उद्या कुणी फर्मा ढापला, तर ती मुकी खाच ओरडून सांगते की हा माझा.

आता तोंड कुठे पोळलं ते. ‘बेत’च्या आधी ताई एका बऱ्या चाललेल्या फर्ममध्ये होती. गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम ते बनवत. मग बडी कंपनी आली. तीच ती, जिच्या सिस्टीमवर निम्म्या जगाचे कॉम्प्युटर चालतात. म्हणाली, आमचे भागीदार व्हा. केक कापला, काचेचं मानचिन्ह मिळालं, मालकाच्या गळ्यात कंपनीची पट्टी. कंपनीची माणसं येऊन बसली, गोड बोलली, ‘हे कसं करता हो?’ असं विचारून सगळं टिपून घेऊन गेली. आणि एके दिवशी बड्या कंपनीच्या सिस्टीमबरोबर माल मोजायचा प्रोग्रॅम फुकट मिळायला लागला. मालकाला ते जाहिरातीतून कळलं. शेवटच्या दिवशी टेबलं विकायला काढली तेव्हा तो ताईला म्हणाला होता, ‘त्यांनी फसवलं नाही गं. सगळं करारात लिहिलेलं होतं. ते वाचायच्या वेळी आम्ही फोटो काढत होतो.’

तेव्हापासून ताई त्या कंपनीला खासगीत ‘सासर’ म्हणायची. जाताना बँड वाजतो, आणि नंतर तिकडे काय चाललंय ते माहेरी कुणी विचारत नाही.

आणि त्याच सासरचं स्थळ एक दिवस ‘बेत’ला सांगून आलं.

धाकट्याचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याला जुळी मुलं, घर लहान, आणि कारखान्याकारखान्यांतले जिने चढून त्याचे गुडघे बोलायला लागलेले. तो काही बावळट नव्हता. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

‘ताई, तू पळतेस कुणापासून? आपला प्रोग्रॅम चालतो तो त्यांच्याच सिस्टीमवर. त्यांनी एक खिळा हलवला की आपण महिनाभर छप्पर शिवत बसतो. भाडेकरू आपण आहोतच. भागीदार झालो तर छप्पर कधी हलणार ते निदान आधी कळेल.’

‘भाडेकरू आहे, कबूल,’ ताई म्हणाली. ‘पण भाडेकरू घरमालकाला कपाटाची किल्ली देत नाही.’

‘तुझ्या कपाटात आहे काय एवढं?’

‘माझं काहीच नाही. म्हणूनच तर.’

तरी भावाचं मन मोडवेना. येऊ दे म्हणाली त्यांच्या माणसाला. ज्याचं काम नवे भागीदार जोडायचं, तो बड्या कंपनीचा माणूस आला. धाकट्यानं आधीच त्याचं नाव ‘भागीदारसाहेब’ पाडून टाकलं होतं. माणूस चांगला होता, हे सांगायला हवं. वेळेवर आला, खालच्या पत्र्यांच्या आवाजाला नाक मुरडलं नाही, डुगडुगणाऱ्या खुर्चीवर सांभाळून बसला. वाईट माणूस असता तर ताईचं काम सोपं झालं असतं.

‘मॅडम, तुमचा प्रोग्रॅम उत्तम आहे,’ तो म्हणाला. ‘पण तो पोचतो तुमच्या ओळखीच्या शिंप्यांपर्यंत. आमच्याकडून तो कुठल्या कुठे जाईल.’

‘आणि फर्मे कुठे राहतील?’

‘आमच्या सर्व्हरवर. तुमच्या आतल्या यंत्रापेक्षा खूप सुरक्षित.’

‘सुरक्षित कुणापासून?’

‘चोरांपासून.’

‘आणि तुमच्यापासून?’

तो हसला. धाकट्यानं टेबलाखालून ताईच्या पायाला पाय लावला. ताईनं पाय बाजूला घेतला.

‘मॅडम, आपण भागीदार असू.’

‘भागीदार मी पाहिलेत. तुम्हाला उद्या नको झालं तर?’

‘तर करार संपतो. तुम्हालाही कधीही बाहेर पडता येईल.’

‘फर्म्यांसकट?’

भागीदारसाहेबानं कराराची पानं उलटली. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं वाचून दाखवलं, की जे काही एकदा आत येईल ते आपली सेवा सुधारण्यासाठी वापरायचा हक्क कंपनीला पुढेही राहील. मग म्हणाला, ‘यावर सगळेच सही करतात.’

‘वाचून?’ ताईनं विचारलं.

त्यानं दुसरा पर्याय काढला. आधी नुसती चाचणी करू. ‘बेत’ काही दिवस आमच्या सर्व्हरवर चालवू, नमुन्याचे फर्मे घालू, आवडलं तर पुढे. धाकट्यानं ताईकडे बघितलं, लहानपणी तो जत्रेत पाळण्याकडे बघायचा तसं. ताई म्हणाली, ‘नमुन्याचे. फक्त नमुन्याचे.’ आणि तिनं स्वतः बसून चार साधे शर्ट काढून दिले, कुणाचेच नसलेले.

घोड्यानं पेंड खाल्ली ती इथे. ते चार शर्ट दिसायला अगदीच गबाळे होते. धाकट्याला वाटलं, बड्या लोकांसमोर आपण काय हे फाटकं घेऊन उभे राहायचं? आपल्याकडे एवढा सुंदर माल पडलाय. त्यानं गुपचूप ‘बेत’ वापरणाऱ्या कोटवाल्या मावशींचे फर्मे त्यात चढवले. फक्त दाखवायला, चाचणी झाली की उतरवू. पाहुणे आले की कपाटातल्या चांगल्या बश्या काढाव्यात, इतक्या सहजपणे त्यानं ते केलं. कापडातलं सगळं ताईकडे होतं ना. भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे त्याच्या अंगात कधी मुरलंच नव्हतं.

काही दिवसांनी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखानदाराचा फोन आला. स्वारी खुशीत होती.

‘ताई, तुम्ही तर कमाल केलीत. त्या बड्या कंपनीच्या पानावर तुमचा ‘बेत’ आता कोटाची तयार बाही पण देतो. मी उतरवून घेतली. काय बसते हो.’

ताईनं त्याचं टेबल उघडलं. बाही बघितली, आणि बाहीच्या गोलाईखाली, जिथे कुठलाही शहाणा माणूस खाच मारणार नाही तिथे, एक खाच बघितली. ती खाच तिनं वर्षानुवर्षं बघितली होती. बड्या कंपनीच्या यंत्रानं आत आलेल्या फर्म्यांतून चांगले निवडून ‘तयार नमुने’ म्हणून सगळ्यांपुढे मांडले होते, आणि सगळ्यात चांगली बाही अर्थातच मावशींची होती.

धाकटा समोरच होता. त्यानं तिचं तोंड बघितलं आणि विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. ताई भडकली. इतकी भडकली की खालचे पत्रे थांबले. भागीदारसाहेबाला फोन लावला, तर त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. ‘बाही आजच काढून टाकतो,’ म्हणाला. काढलीही. ‘पण मॅडम, ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्याकडून परत आणता येणार नाही. आणि खरं सांगू का, हे चाचणीच्या अटींत लिहिलेलं होतं.’

‘असणारच,’ ताई म्हणाली, आणि फोन ठेवला. करारावर सही होणार नाही, हे तेव्हाच ठरलं. पण सही न करण्यानं मावशींची बाही थोडीच परत येणार होती. ती पर्स घेऊन उठली. धाकट्याला म्हणाली, ‘चल. तोंड दाखवायला दोघं जायचं.’

कोटवाल्या मावशी म्हणजे प्रकरण होतं. बाई एकटीच्या जोरावर कारखाना चालवायची, तिच्या कोटासाठी लोक थांबून राहत, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. ताई आणि धाकटा उभेच राहिले. ताईनं काही लपवलं नाही, भावावर ढकललंही नाही. ‘आमच्याकडून गेली,’ एवढंच म्हणाली. मग बड्या कंपनीचं सगळं सांगितलं, करार फाडणार म्हणून सांगितलं, तुमचे फर्मे यापुढे कुणाच्या नजरेस पडणार नाहीत याची मी जामीन आहे म्हणाली.

मावशींनी सुईत दोरा ओवत ते सगळं ऐकलं. दोरा ओवून झाला, गाठ मारून झाली. मग म्हणाल्या, ‘त्या कंपनीला दिसू नये म्हणतेस.’

‘हो, मावशी.’

‘मग तुला का दिसतं?’

ताईला प्रश्नच कळला नाही. ‘मला? मला तर तुमची मदत करायला...’

‘त्यांनाही मदतच करायची होती की. सेवा सुधारायची होती. तू तुझ्या खोलीत बसून माझी बाही बघतेस, गणवेशवाल्याचा शर्ट बघतेस, अजून कुणाकुणाचं काय काय बघतेस. मी तुला कधी बघ म्हटलं होतं? तू चांगली आहेस म्हणून चाललं. तुझा हा भाऊ पण चांगलाच आहे. कुंपण चांगलं असतं गं, शेत खाईपर्यंत.’ मग सुई कापडात टोचून म्हणाल्या, ‘काढ माझं सगळं तुझ्या यंत्रातून. माझ्यासमोर काढ.’

मावशी त्याच पावली ऑफिसात आल्या. ताईनं त्यांच्यासमोर एक एक फर्मा पुसला. पाठ पुसली, पुढा पुसला, बाही पुसली. धाकट्याला तिनं कीबोर्डला हात लावू दिला नाही. मावशी चहा न घेता गेल्या.

त्यानंतर ताई बराच वेळ आतल्या खोलीत त्या घरघरणाऱ्या यंत्रासमोर बसली. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता, आणि या खेपेला तो राग कुठल्याही कंपनीवर नव्हता. इतकी वर्षं ती सासरच्या नावानं बोटं मोडत होती. आणि स्वतः काय केलं होतं? सगळ्यांच्या खुंट्या एका खोलीत आणून ठेवल्या होत्या आणि खोलीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. बड्या कंपनीला ‘बेत’ कशाला हवा होता ते आता तिला लख्ख कळलं. बेतायची अक्कल त्यांनी दुसऱ्या कुणाकडूनही विकत घेतली असती. त्यांना हा ढीग हवा होता, आणि तो ढीग घातला होता ताईनंच. ‘वा ताई’ ऐकण्याच्या हौसेपायी.

बाहेर येऊन तिनं धाकट्याला सांगितलं, ‘पुन्हा लिहायचा प्रोग्रॅम. ज्याचे फर्मे त्याच्याच यंत्रात राहतील, त्याच्याच कुलपात. आपल्याकडे काही येणार नाही. आपण म्हटलं तरी दिसता कामा नये. आणि त्यांच्या सिस्टीमवाचूनही चालला पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर.’

धाकटा आधीच खचलेला होता, पण हे ऐकून उसळला. ‘ताई, अपराध माझा होता, मला हवं ते बोल. पण हे करू नकोस. आपल्याकडे विकण्यासारखं एवढं एकच आहे. ते गेलं की आपण कोण? आणि मास्टर अडला तर तू फोनवरून काय दाखवणार, कपाळ?’

‘विचारून विचारून सांगीन. वेळ लागेल.’

‘लोक सोडून जातील.’

‘जातील.’

‘मी गेलो तर?’

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. ‘तू गेलास तर मला हे जमणार नाही. कुलपं मला येत नाहीत, तुला येतात. पण म्हणून मी ठरवलेलं बदलणार नाही. रडत बसेन, पण बदलणार नाही.’

तो गेला नाही. दोन दिवस फुगून होता, मग एका सकाळी ताईच्या आधी येऊन बसला आणि कुलपं लिहायला लागला. का थांबला ते त्यानं कधी सांगितलं नाही.

काम लांबलं. लोक खरंच सोडून गेले. बड्या कंपनीनं स्वतःचं बेतायचं यंत्र काढलं, फुकट, आणि गणवेशवाला पहिल्याच आठवड्यात तिकडे गेला. एक मास्टर आपल्या कुलपाचा परवलीचा शब्द विसरला आणि त्याचे सगळे फर्मे आतच अडकले. त्यानं ताईला नाही नाही ते ऐकवलं. ‘तुमच्याकडे दुसरी किल्ली नाही म्हणजे काय? कसला हा धंदा?’ ताईनं त्याच्या कारखान्यात जाऊन, जमिनीवर बसून, पुठ्ठ्याच्या फर्म्यांवरून त्याला पुन्हा सगळं चढवून दिलं. म्हणजे चढवायला त्याला शिकवलं, आणि तो चढवत असताना स्वतः दाराबाहेर उभी राहिली. तिथे तिला ऊन लागलं आणि दोन दिवस डोकं दुखलं. फोनवर तर तिची परीक्षाच असायची. पूर्वी चुटकीसरशी व्हायचं त्याला आता सगळी दुपार जायची. ‘मास्तर, कापडाचा पन्हा किती रुंद? मुंढ्याची पोकळी तुमच्या डाव्या हाताला आहे की उजव्या?’ आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता सांगावा, तशी गत. कधीकधी जमत नसे, आणि मग त्या दिवशी ‘वा ताई’ नाही.

मावशी आल्या त्या न सांगता. जिना चढून धापा टाकत बसल्या, म्हणाल्या, ‘दाखव बघू तुझं आंधळं यंत्र.’ घरून आणलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः एक फर्मा चढवला आणि फर्मावलं, ‘आता हा मला तुझ्याकडे उघडून दाखव.’ ताईनं आपल्या बाजूनं जे काही करता येतं ते सगळं करून बघितलं. धाकट्यानंही करून बघितलं, जीव तोडून. काही उघडलं नाही. मावशी दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. ‘बरं,’ म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ‘बरं’ पुष्कळ होतं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.

आणि मग भागीदारसाहेब पुन्हा आला. त्याच्या कंपनीचं फुकटचं यंत्र चाललं होतं, पण कोटवाले, झगेवाले, जुने नामी मास्टर काही तिकडे वळत नव्हते. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, या वेळी तुमच्या अटी तुम्ही लिहा, आम्ही आधीपेक्षा कितीतरी जास्त द्यायला तयार आहोत. आम्हाला फक्त फर्म्यांचा साठा हवा.

‘आमच्याकडे साठा नाही,’ धाकटा म्हणाला. ताई काही बोलायच्या आत.

‘म्हणजे दुसरीकडे ठेवलाय?’

‘ज्याचा त्याच्याकडे आहे. आम्हाला दिसतसुद्धा नाही.’

भागीदारसाहेबाला आधी वाटलं, हे भाव वाढवायला चाललंय. मग धाकट्यानं त्याला कुलपं समजावून सांगितली. माणूस जाणकार होता, त्याला सगळं कळलं. तो खरोखरच्या काळजीनं म्हणाला, ‘मॅडम, एक बोलू? नकार देणं मी समजू शकतो. पण हे तुम्ही असं करून ठेवलंय, की उद्या तुमचं मन बदललं तरी तुम्हाला आमच्याकडे येता येणार नाही. स्वतःचे दोर स्वतःच का कापलेत?’

‘मन बदलेल म्हणूनच कापले,’ ताई म्हणाली. ‘मी काय वेगळ्या मातीची आहे का? उद्या थकेन, आजारी पडेन, याच्या जुळ्यांच्या शिक्षणाची वेळ येईल, आणि तुम्ही असेच येऊन बसाल, असंच चांगलं बोलाल. तेव्हा मी हो म्हणेन. तेव्हा माझ्या हातात द्यायला काही असू नये.’

भागीदारसाहेबानं पानं गोळा केली, बॅग बंद केली, आणि जाताना जिन्यावरून हात केला. फोन वाजत होता. एका मास्टरची कॉलर कापडात मावत नव्हती. ताईनं खुर्ची ओढली आणि त्याला पन्हा विचारला.